खालच्या मजल्यावरचे ठोके

माझ्या भाऊजींबद्दल चांगलं बोलणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. भेटलाच तर त्याची कवळी भाऊजींनी केलेली असणार, कारण तेवढं एक काम ते जीव ओतून करतात. बाकीचा जन्म त्यांनी लोकांना गप्प बसवण्यात घालवला. माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान म्हणून मी त्यांच्याशी बोलते, नाहीतर लांबून दिसले तरी रस्ता ओलांडून पलीकडून गेले असते.

दातांच्या एका दवाखान्यामागे त्यांची कामाची खोली आहे. फळीवर प्लास्टरचे जबडे मांडलेले, टेबलावर मेणाच्या पट्ट्या, गुलाबी हिरड्यांचं सामान, आणि कोपऱ्यात कवळी घासून गुळगुळीत करायची मोटर. ती मोटर दिवसभर कानाशी किंचाळते, त्याचं त्यांना काही नाही. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासायचे आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचे खायचे, असा त्यांचा दिनक्रम. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली की ह्यांच्या डोक्यात तिडीक गेलीच म्हणून समजा.

ताई अगदी उलट. लहानपणी तिची बोटं कधी स्वस्थ नसायची. शाळेच्या बाकावर, खिडकीच्या गजावर, माझ्या पाठीवर, मिळेल तिथे ती ठेका धरायची. जेवायला वाढायला उशीर झाला की ताटावर चमचा वाजवायची. टण टण, मग जरा थांबून एक हलकंसं टण. त्या शेवटच्या टणवरून आई ओळखायची की आता ही रडकुंडीला आली. लग्न झाल्यावर हट्टाने रेडिओ घेऊन सासरी गेली. वर्षभरात तो माळ्यावर चढला. "बातम्या पेपरात असतात," भाऊजी म्हणाले, आणि ताईने वाद घातला नाही. वाद घालायचाच नाही, हा तिचा मोठा दोष. मी असते तर रेडिओच्या जागी त्यांनाच माळ्यावर चढवलं असतं.

पुढे ताईच्या मणक्याने दगा दिला आणि ती अंथरुणाला खिळली. इथे मला खरं ते सांगायला हवं, जिभेला कितीही जड गेलं तरी. भाऊजींनी तिचं सगळं केलं. तिचे केस धुतले, कूस बदलली. सकाळी तिला भरवून कामावर जायचे, जेवणाच्या सुट्टीत धावत यायचे, पुन्हा भरवायचे, औषधाची बाटली आणि चमचा तिच्या उशाशी ठेवून परत जायचे, ते थेट दिवेलागणीला उगवायचे. दुपारी तिच्यापाशी कुणीच नसायचं. मी पार्सलच्या ऑफिसात खिडकीवर बसते, मला सुट्टीच्या दिवशीच जमायचं. एखादी बाई ठेवा म्हटलं, तर म्हणाले, "परक्या बाईची बडबड हिला सोसायची नाही." डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. भाऊजींनी त्याचा अर्थ शांतता असा लावला आणि त्या शांततेवर पहारा करत बसले.

नेमकी तेव्हाच वरच्या खोलीत ती पोरगी राहायला आली. सकाळी चपलांच्या दुकानात काम करायची आणि उरलेला सगळा वेळ गायची. तिचा एक मित्र रेकॉर्डिंगचं सामान घेऊन यायचा आणि दोघं दार लावून बसायची. त्या इमारतीत पाण्याचा लोखंडी पाइप घराच्या आतून, झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यातून वर जातो. खाली कुणी शिंकलं तरी वर कळतं, आणि वरचं तर सगळंच खाली.

भाऊजींनी पहिल्याच संध्याकाळी पान्हा शोधून काढला. वरून सूर आला की हे ताईच्या उशाशी उभे राहून पाइपवर पान्हा हाणायचे. ताईला आवाजाचा त्रास नको म्हणून ताईच्या कानाशी लोखंड बडवणारा हा माणूस. मी एकदा तसं म्हटलं, तर म्हणाले, "तुला आजारपणातलं काय कळतंय?" त्यांच्या हाणण्यात ताल वगैरे काही नव्हता. तालाशी त्यांचं जन्माचं वैर.

एकदा ती पोरगी स्वतः खाली आली. मी तेव्हा तिथेच होते. दारात उभी राहून नीट बोलली बिचारी. "काका, कुठल्या वेळी गायलं तर चालेल तेवढं सांगा."

"कुठल्याच नाही," भाऊजी म्हणाले. "आत माणूस मरतंय तुझ्या गाण्याने. लाज आहे का काही?" आणि दार तिच्या नाकावर आपटलं. आत ताईने डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, दुखतंय.

संध्याकाळी ते घरी आले की ताई कधीकधी म्हणायची, "आज वरून काहीच आवाज आला नाही हो." भाऊजी छाती फुगवून मला सांगायचे, "बघ, कसं सरळ केलं." एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी घरमालकाच्या मागे भुणभुण लावली, इमारतीतल्या चार टाळक्यांना फितवलं, आणि त्या पोरीला खोली सोडायला लावली. सामान गाडीत कोंबून झाल्यावर ती रस्त्यात उभी राहिली आणि भाऊजींच्या खिडकीकडे बघून ओरडली, "काका, तुम्हाला मी विसरणार नाही."

वरची खोली रिकामीच राहिली. भाऊजींनी पान्हा जागेवर ठेवला. ताई दिवसेंदिवस कमी बोलू लागली, नंतर बोलेनाशीच झाली. मी गेले की छताकडे बघत पडलेली असायची. "निदान शांत पडलीय," भाऊजी म्हणायचे. त्या शांततेतच ती गेली.

तिला जाऊन वर्षही झालं नसेल, त्या पोरीचा पहिला अल्बम आला. नाव ठेवलं होतं 'खालचा मजला'. तिने शब्द पाळला होता. त्यातलं मुख्य गाणं म्हणजे गाणं कसलं, भांडणच ते. खाली एक म्हातारा राहतो, त्याला हसणं चालत नाही, चालणं चालत नाही, श्वास घेतला तरी चालत नाही, असं सगळं लाडेलाडे म्हणून झालं की धृपद यायचं, "काका, ठोका! अजून ठोका!" आणि त्याच्यामधून पाइपवरचे ते ठोके. खरेखुरे, त्या खोलीत रेकॉर्ड झालेले. अल्बमच्या पाठीवर वादकांच्या नावांच्या शेवटी छापलं होतं, 'ठोके: खालच्या मजल्यावरचे काका'.

आणि तो अल्बम खपला. असा खपला की कंपनीला पुन्हा पुन्हा काढावा लागला. बसमध्ये तो, न्हाव्याकडे तो, व्यायामशाळेत तो, माझ्या ऑफिसातल्या शिपायाच्या फोनमध्ये तो. मला त्यातलं काही आवडलं नाही. सगळी पोरं एकसारखी कंबर हलवतात आणि त्याला नाच म्हणतात. पण मला विचारतंय कोण? मुलाखत देताना ती पोरगी काळा चष्मा लावून सांगायची की हा काका खरा आहे, अजून तिथेच राहतो. मग काय, लोकांनी पत्ता हुडकून काढला. जिन्यात पोरं कठड्यावर चमचे वाजवून पळायची. दवाखान्यात भाऊजी माप घ्यायला गेले तर खुर्चीतला पेशंट तोंड वासून तेच गुणगुणत होता. खुद्द डॉक्टर हात धुताना ते गाणं शिट्टीवर वाजवायचे. भाऊजी कुठेही ते लागलं की दुकानात शिरून बंद करायला लावायचे किंवा तिथून निघून जायचे. पुरतं एकदाही ऐकलं नाही.

एक दिवस माझ्याकडे आले. बसले नाहीत, उभ्यानेच बोलले. "मला चिडवतात त्याचं मला काही नाही. पण ते ठोके मी हिच्यासाठी मारलेत. ही तळमळत होती आत. आणि त्यावर जग नाचतंय. नवीन आवृत्ती काढतायत म्हणे. त्यातून मला ते काढून हवेत. तू साक्षीला चल. हिला किती त्रास व्हायचा ते तू पाहिलंयस."

त्यांना लग्नात पाहिल्यापासून पहिल्यांदाच मला त्यांचं पटलं. माझ्या बहिणीच्या मरणावर कुणी पोळी भाजून घ्यावी हे मला सहन झालं नसतं. मी रजा टाकली.

कंपनीचं ऑफिस काचेचं होतं. भिंतीवर त्या पोरीचा फोटो, माणसाहून मोठा. कंपनीच्या माणसाने आम्हाला पाणी दिलं आणि गोड हसून विचारलं, "काका, तुमची अपेक्षा किती आहे?"

"कसली अपेक्षा? माझे ठोके काढा त्यातून."

"म्हणजे मानधन..."

"बहिरा आहेस का? काढून टाका म्हणतोय मी."

ती पोरगी खिडकीपाशी बसली होती. चष्मा काढून तिने आमच्याकडे पाहिलं. चपलांच्या दुकानातली ती बावरलेली मुलगी कुठेच उरली नव्हती. "का काढायचे?" ती म्हणाली. "काढले तर गाण्यात उरलं काय? सकाळभर लोकांच्या पायांशी बसायचं, दुपारी घरी येऊन जरा गायला लागलं की खालून तुमचं सुरू. एक दुपार सोडली नाहीत तुम्ही. आता लोक हसतात तर झोंबतंय?"

"दुपार? मी संध्याकाळी ठोकायचो. खोटं बोलू नकोस."

"संध्याकाळचे तुमचे ठोके आम्ही फेकून दिले, काका. कसेही, कुठेही पडायचे. दुपारचे मात्र बरोब्बर तालात. माझा मित्र म्हणायचा, म्हातारा मुद्दाम ताल धरून आपल्याला वेडावतोय. त्या ठोक्यांवरच तर गाणं बांधलं. आणि आम्ही थांबलो की तुम्ही जास्तच चिडायचात. परत गायला लागेपर्यंत ठोकत राहायचात. इतका खुनशी माणूस मी पाहिला नाही."

"दुपारी मी कामावर असतो," भाऊजी टेबलावर मूठ आपटून म्हणाले. "दवाखान्यात विचार जाऊन. सगळं आयुष्य दुपारी मी कवळ्या घासल्यात."

"मग भूत ठोकत होतं?"

कंपनीचा माणूस हसला. बाकी कुणी हसलं नाही. पोरीने तावातावाने फोन काढला. म्हणाली, मूळचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, ऐका आणि मग मला खोटं पाडा. तिने तो टेबलावर ठेवला.

आधी तिचाच आवाज, कुठल्या तरी दुसऱ्या गाण्याचा. त्याखाली पाइपचे बारीक ठोके, अगदी बेताने, सुराला कुठे धक्का न लावता. मग गाणं थांबलं. मित्राचा आवाज आला, "झालं, म्हातारा उठला." थोडा वेळ काहीच नाही. आणि मग खालून आलं. टण टण. जरा थांबून एक हलकंसं टण.

माझ्या हातातला ग्लास मी खाली ठेवला.

फोनमध्ये पुन्हा तेच. टण टण, आणि टण. ती पोरगी तिथे वैतागून म्हणाली, "जाऊ दे, म्हणू या," आणि गाणं सुरू झालं. ठोके लगेच त्याच्या चालीत मिसळून गेले.

"ही ताई आहे," मी म्हणाले.

"कोण ताई?"

"ह्यांची बायको. माझी बहीण. अंथरुणावर होती ती. उशाशी चमचा असायचा औषधाचा." मी टेबलावरच्या फोनकडे बोट दाखवलं. "लहानपणी जेवण उशिरा आलं की ती असाच चमचा वाजवायची. ती चिडली नव्हती ग. तू थांबलीस म्हणून मागत होती."

भाऊजी त्या फोनकडे बघत होते. पोरीने तो बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी तिचा हात बाजूला सारला. गाणं पूर्ण झालं. शेवटी ठोके जरा रेंगाळले आणि थांबले.

"तुम्ही मला दारात म्हणाला होतात," पोरगी हळू आवाजात म्हणाली, "आत माणूस मरतंय तुझ्या गाण्याने. मी ते वाक्य घेऊन फिरतेय इतके दिवस." मग तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि खिडकीकडे तोंड केलं. "जा आता तुम्ही."

भाऊजी उठले. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. मी त्यांच्याबरोबर घरी गेले. का, ते सांगता येणार नाही. त्यांना एकटं सोडावंसं वाटलं नाही म्हणून नव्हे. मला तो पाइप बघायचा होता.

ताई गेल्यापासून ते बाहेरच्या खोलीत झोपायचे, आतलं दार लावलेलं असायचं. त्यांनी ते उघडलं. पलंग तसाच होता. पाइपला वर, उभ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला, पान्ह्याने मोठमोठे पोपडे उडवलेले होते. तिथला त्यांचा पराक्रम सगळ्यांना ठाऊक होता. भाऊजी गुडघे टेकून खाली बसले. उशीच्या उंचीला, पलंगाच्या आड, एवढ्याशा जागेत रंग उडून लोखंड उघडं पडलं होतं. छोटे छोटे टवके, एकावर एक. उभा माणूस तिथे कधी मारणार नाही. पडल्या पडल्या हात लांब केला की तो बरोबर तिथेच पोचतो.

भाऊजींनी त्या जागेवर अंगठा फिरवला, कवळीची कड तपासतात तसा. मला भरून आलं आणि त्याहून जास्त संताप आला. मी बोलूनच टाकलं. "तिला आवडत होतं, भाऊजी, आणि तुम्हाला सांगायची तिला भीती वाटत होती. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्याला. आवाज आला नाही म्हणून ती सांगायची ना, ती कुरकुर होती. तुम्ही त्या मुलीला हाकललंत आणि ताई शेवटपर्यंत छताकडे बघत राहिली. शांत पडली नव्हती ती. वाट बघत होती."

"कळलं," ते म्हणाले. माझ्याकडे वळले नाहीत. "आता गप्प बस."

त्यांच्या सांगण्यावरून मी गप्प बसले, असं पहिल्यांदाच झालं.

रात्रभर मी बाहेरच्या खोलीत पडून राहिले. सकाळी कंपनीच्या माणसाचा फोन आला. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता, तसाच गुळगुळीत. "काका, आम्हाला वाद नकोय. तुमची मागणी मान्य. नव्या आवृत्तीतून ठोके काढायला सांगितलेत."

"एक ठोका जरी काढलास," भाऊजी म्हणाले, "तर तिथे येऊन तुझे दात घशात घालीन. कवळी मग मीच करून देईन." पलीकडे तो चाचरला. "आणि पाठीवर माझं जे काही छापलंय ते खोडा. मी वाजवलेलं नाही. ज्याने वाजवलं त्याचं छापा."

फोनवर आता ती पोरगी आली. "ते मी कालच बदलायला सांगितलंय," ती म्हणाली. "काकूंसाठी. तुमच्यासाठी नाही. गाण्यातलं तुमचं जे आहे, ते आहे तसंच राहणार."

"राहू दे. मी माझ्यासाठी मागितलंय कुठे?" आणि त्यांनी फोन आपटला.

नवी आवृत्ती आली ती पहिलीपेक्षाही जास्त खपली. आमच्या गल्लीतल्या दुकानात तर रांग लागली होती. मी सुट्टीच्या दिवशी गेले तेव्हा भाऊजी ताईच्या पलंगावर बसले होते आणि हातात अल्बम धरून दातांच्या कामाचं भिंग लावून पाठ वाचत होते. सगळ्यात शेवटी छापलं होतं, 'ठोके: खालच्या मजल्यावरच्या काकू'.

"अक्षर फार बारीक आहे," ते म्हणाले. "फोन करून झापायला पाहिजे."

ताईचं औषध ठेवायच्या स्टुलावर आणखी बरेच अल्बम रचलेले होते, कागदसुद्धा न काढलेले. एवढे कशाला घेतले, मी विचारलं नाही. रेडिओ मात्र अजून माळ्यावरच होता. मी वरचा एक अल्बम उचलला. "हा मी नेते."

भाऊजींनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि परत जागेवर ठेवला.

"विकत घे," ते म्हणाले. "खपायला पाहिजे."